तिकडे काय आहे?

शनिवार सकाळ. बाहेर मस्त थंडी, हातात दुसरा चहा आणि समोर लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडलेली. नाही नाही, ऑफिसचं काम नाही. (मॅनेजर हे वाचत असेल तर : सोमवारचं रिलीज वेळेवर आहे, काळजी नसावी.) ही शीट आहे घरच्या सहलीची. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस काढले आहेत. गाडी आपली, ड्रायव्हर अस्मादिक, आणि सोबत आई, बाबा, बायको आणि ताईचा सात वर्षांचा चिरंजीव. ताई-भाऊजींना रजा मिळाली नाही, म्हणून त्यांनी आपला प्रतिनिधी पाठवला आहे.

कुठे जाताय, असं विचारणाऱ्यांना गेले तीन आठवडे मी एकच उत्तर देतोय : हिंगोली. आणि समोरून येणारा प्रश्नही तीन आठवडे एकच आहे. "हिंगोली? तिकडे काय आहे?"

शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने तर "म्हणजे हिंगोलीवरून पुढे कुठे?" असं विचारलं. हिंगोलीवरून पुढे कुठे नाही रे बाबा, हिंगोलीच. दुसऱ्या एकाला ते विदर्भात आहे असं वाटत होतं. तिसऱ्याने काळजीने विचारलं, "फॅमिली घेऊन जातोयस, रस्ते वगैरे सेफ आहेत ना?" हाच माणूस दर पावसाळ्यात शनिवारी रात्री लोणावळ्याच्या घाटात चार-चार तास अडकतो. ते मात्र सेफ!

असो. या सगळ्यांचं मला काही वाटलं नसतं. पण हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारणारा माणूस माझ्याच घरात राहतो, आणि तो जन्माने हिंगोलीचा आहे. माझे बाबा.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेल्या दिवाळीत आम्ही कोकणात गेलो होतो. तीन दिवस, अकरा ठिकाणं. तेव्हाही शीट होतीच. प्रत्येक ठिकाणासमोर पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, आणि वर 'बफर १५ मिनिटे' असा रकाना. प्रोजेक्ट मॅनेजरलाही लाजवेल असा प्लॅन. आणि सांगायला अभिमान वाटतो की तो नव्वद टक्के वेळेत पार पडला. फक्त तिसऱ्या दिवशी आई गाडीतून उतरलीच नाही. "तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच." तिचे गुडघे दुखत होते, आणि दोन दिवस ते दुखतायत हे सांगायला तिला शीटमध्ये जागाच नव्हती. घरी आल्यावर फोटो बघताना तिने विचारलं, "हे कुठलं रे देऊळ?" मी शीट उघडून बघितलं आणि सांगितलं. म्हणजे मलाही आठवत नव्हतं.

तेव्हाच ठरवलं की पुढची सहल अशा ठिकाणी करायची जिथे 'कव्हर' करण्यासारखं फारसं काही नसेल. गर्दी नाही, रांगा नाहीत, 'हे राहिलंच' असं म्हणून हळहळायला कुणी लावणार नाही. नकाशा उघडला आणि बोट आपोआप तिकडेच गेलं.

आता बाबांविषयी. त्यांचं गाव सेनगाव तालुक्यात. छोटं गाव आहे, नाव लिहीत नाही. १९८६ साली आयटीआय करून ते पिंपरी-चिंचवडला कंपनीत लागले आणि इथलेच झाले. त्यांच्या सगळ्या सर्टिफिकेटांवर 'जिल्हा परभणी' लिहिलेलं आहे, कारण हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. म्हणजे मी जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे! अकरा वर्षांपूर्वी आजी गेली आणि मग गावाला जाणं लग्न-मरणापुरतं उरलं. सकाळी पोचायचं, संध्याकाळी निघायचं. गावात काका आहेत, शेती बघतात. त्यांचा फोन येतो, बाबा दहा मिनिटं पाऊसपाण्याचं बोलतात आणि फोन ठेवल्यावर टीव्हीचा आवाज वाढवतात.

मी सहलीचं म्हटल्यावर बाबांची पहिली प्रतिक्रिया : "हिंगोली? तिकडे काय आहे? त्यापेक्षा महाबळेश्वरला जाऊ."

मी जरा चिडलोच. मग त्यांना यादी ऐकवली. आता तुम्हालाही ऐकवतो.

पहिलं, औंढा नागनाथ. हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटर. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक म्हणून आपल्याकडे ते मानतात (नागेश ज्योतिर्लिंग नेमकं कुठलं, यावर गुजरातमध्ये आणि उत्तराखंडमध्येही दावेदार आहेत, तो वाद तूर्त बाजूला ठेवू). यादवकाळातलं हेमाडपंती देऊळ. खालचा भाग काळ्या दगडाचा, बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगाच रांगा, आणि वरचा भाग नंतरच्या काळात बांधलेला. हा सांधा इतका स्पष्ट दिसतो की आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या व्हर्जनवर नवीन व्हर्जन चढवलंय आणि कुणी ते लपवायचा प्रयत्नही केलेला नाही. नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात की नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, तर देऊळच फिरलं.

दुसरं, नर्सी. हिंगोलीहून वीसेक किलोमीटर, कयाधू नदीच्या काठी. संत नामदेवांचं जन्मगाव. (काही अभ्यासक जन्म पंढरपूरचा मानतात, पण नर्सीची परंपरा जुनी आणि घट्ट आहे.) नामदेव १२७० चे. या गावच्या शिंप्याच्या घरातला माणूस पायी पार पंजाबपर्यंत गेला आणि त्याची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला झालं ते त्यांच्याचमुळे. रेल्वे भरभरून मराठी माणसं घुमानला गेली. त्यातल्या किती जणांनी आधी नर्सी पाहिलं होतं, हा प्रश्न विचारायचा मोह मी आवरतो. कारण मी स्वतः, बापाचं गाव जवळ असून, पाहिलेलं नाही.

तिसरं, हळद. वसमत आणि हिंगोलीच्या हळदीचे व्यवहार फार मोठे आहेत. वसमतला तर बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन केंद्रच आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद आम्ही जाऊ तेव्हा शेतात पिवळी पडून वाळायला लागलेली असेल. काढणी फेब्रुवारी-मार्चची. मग ती शिजवायची, उन्हात दोन-दोन आठवडे वाळवायची, ढोलात घोळून चकचकीत करायची, आणि मग मोंढा. आपण पुण्यात पाकिटातून जी चिमूटभर टाकतो तिच्यामागे आठ-नऊ महिन्यांचं पीक आणि त्यानंतरची ही सगळी उस्तवार असते.

चौथं माझ्या खास आवडीचं. औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याचा तरंग होता तो. तशीच वेधशाळा आपल्याकडे होणार. इंग्रजी 'एल'च्या आकाराच्या दोन भुजा, प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या यंत्राला भुजेच्या लांबीतला जो फरक मोजायचा आहे तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. त्यामुळे जवळून ट्रक गेला तरी तो यंत्राला 'ऐकू' येतो. रेल्वे, कारखाने, हायवेची वर्दळ, यातलं काहीच जवळ चालत नाही.

आता गंमत बघा. या कामासाठी शास्त्रज्ञांनी देशभर जागा शोधल्या आणि शेवटी बोट ठेवलं ते हिंगोली जिल्ह्यावर. का? तर तिकडे गोंगाट नाही म्हणून! ज्याला आपण 'तिकडे काही नाही' म्हणतो, नेमकं तेच या प्रकल्पाला हवं होतं. (जमीन अगदीच मुकी नाही हं. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून आवाज येतात, आणि २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत ४.५ तीव्रतेचे भूकंपही झाले. पण यंत्राला रोजचा त्रास असतो तो माणसाच्या वर्दळीचा, आणि ती तिथे कमी आहे.) वेधशाळा काही पर्यटकांसाठी नाही आणि आम्ही तिथे जाणारही नाही. पण औंढ्याच्या देवळात उभं राहून भाच्याला सांगता येईल की इथून जवळच एक असा कान तयार होतोय, ज्याला तारे एकमेकांवर आपटल्याचं ऐकू येईल.

एवढी यादी मी वाचून दाखवली. दमलो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण दहावीनंतर पुढं शिकायला काय होतं तिकडे?"

मी गप्प.

मग ते सुटले. दहावीनंतर कॉलेजसाठी हिंगोलीला खोली करून राहावं लागलं. गावाला एसटी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तीही बंद. मार्च उजाडला की विहीर तळाला. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस, मीटरगेजची, हिंगोलीवरून जायची. बाबा आणि त्यांचे मित्र संध्याकाळी स्टेशनवर नुसतं ती बघायला जायचे. "गाडीत बसलेल्या लोकांकडे बघत बसायचो. वाटायचं, हे सगळे कुठेतरी चाललेत, आपणच इथे आहोत." स्टेशनच्या पाटीवर तेव्हापासून आजही 'हिंगोली डेक्कन' असं भारदस्त नाव आहे. मला ते नाव फार रोमँटिक वाटतं. बाबांना त्या पाटीखालचा बाक आठवतो.

तर मंडळी, मुद्दा असा आहे. 'तिकडे काही नाही' हे वाक्य माझा शेजारचा मित्र म्हणतो तेव्हा ते अज्ञान असतं. बाबा म्हणतात तेव्हा तो अनुभव असतो. आणि मी जेव्हा उत्साहाने म्हणतो की 'अरे, किती शांत आहे तिकडे!', तेव्हा बाबांच्या कानाला ते कसं लागत असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी ज्याला शांतता म्हणतो तिला गावातली माणसं सामसूम म्हणतात. शांतता आपण निवडतो, सामसूम वाट्याला येते. आणि त्या सामसुमीचं एक कारण म्हणजे तिथून निघून गेलेली पोरं, ज्यात माझे बाबाही आले. त्यांनी गाव सोडलं म्हणून मी इंजिनिअर झालो, आणि इंजिनिअर झालो म्हणून मला आता पाच दिवस शांतता 'घ्यायला' तिकडे जायचंय! हा लूप माझ्या लक्षात यायला अठ्ठावीस वर्षं लागली.

मग जायचं की नाही? माझं मत : जायचंच. पण वेगळ्या तयारीने. अशा निवांत भागातल्या सहलीचं प्लॅनिंग हे कोकण-महाबळेश्वरच्या प्लॅनिंगपेक्षा मुळातच वेगळं असतं, हे मला या तीन आठवड्यांत पटलं आहे. त्यातले काही धडे, कुणाला उपयोगी पडले तर :

एका दिवसाला एकच गोष्ट. एकच म्हणजे एकच. पहिल्या शीटमध्ये मी औंढा, नर्सी, शिरड शहापूरचं जैन मंदिर, सिद्धेश्वर धरण, इसापूर धरण, नांदेडचा गुरुद्वारा आणि लोणार असं सगळं पाच दिवसांत कोंबलं होतं. बायको शांतपणे म्हणाली, "कोकणच झालं की हे." मग कापाकापी सुरू केली. सगळ्यात जड गेलं ते नांदेड कापणं. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला तो सचखंड गुरुद्वारा हिंगोलीहून दोनेक तासांवर, आणि नर्सी पाहिल्यावर तिथे जाणं किती छान जुळलं असतं! पण नाही. ते स्वतंत्र जायचं ठिकाण आहे, 'जाता जाता' उरकायचं नाही. फीचर कापता येणं हीच खरी इंजिनिअरिंग, असं आमचा एक सिनियर म्हणायचा.

गुडघे आधी, देव नंतर. औंढ्याच्या देवळात मूळ लिंग तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे. चिंचोळ्या जागेतून वाकून खाली उतरावं लागतं. आईला ते जमणार नाही. हे तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मी तिला घाबरत घाबरत सांगितलं, तर म्हणाली, "मग मी बाहेर बसेन. मला त्या भिंतींवरच्या मूर्ती नीट बघायच्यात, तुम्ही देवळात कधी बघू देता का?" म्हणून त्या दिवशी औंढा आणि फक्त औंढा. सकाळी लवकर पोचायचं आणि आई उठेपर्यंत उठायचं नाही. शीटमध्ये निघण्याच्या वेळेच्या रकान्यात 'आई म्हणेल तेव्हा' असं लिहिलंय.

बायकांच्या बाथरूमची सोय. हा विषय पुरुषांच्या शीटमध्ये कधीच नसतो. सगळे पेट्रोल पंप, धाबे, स्टँड याच हिशोबाने बघावे लागतात. माझ्या बायकोने रस्त्याचा नकाशा घेऊन बीड, परभणी, औंढा अशा थांबण्याच्या जागा स्वतः ठरवल्या आणि मला सांगितलं, "तू फक्त चालव." तालुक्याची गावं सोडली की मधल्या पट्ट्यात पर्याय कमी, हे कबूल करायला हवं. तसंच औषधांचं. आईच्या आणि बाबांच्या गोळ्या दहा दिवसांच्या घेणार. जिल्हा रुग्णालय हिंगोलीला, मोठं काही लागलं तर नांदेड. घाबरायचं कारण नाही, पण 'बघू तिथे गेल्यावर' हे उत्तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना चालत नाही.

रस्ता हा सहलीचाच भाग. पुण्याहून हिंगोली साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. दोन रस्ते आहेत. एक नगर, बीड, परभणी, औंढा असा. दुसरा संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाला लागायचं, मेहकरजवळ उतरायचं आणि रिसोड, सेनगाव करत यायचं. मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. गाडी पळते सुंदर, पण वाटेतली गावं दिसत नाहीत. जाताना आम्ही बीड-परभणीचा रस्ता धरणार. हळूहळू काळी जमीन सुरू होते, कापसाच्या पऱ्हाट्या दिसतात, ज्वारी दिसते, चहाच्या टपरीवरची भाषा बदलते. "कुठून आलाव?" असं कुणी विचारलं की समजायचं, पोचलो. बाबांची भाषाही परभणीनंतर आपोआप बदलते, हे मी लहानपणापासून बघत आलोय. पुण्यात 'काय करतोयस' म्हणणारा माणूस तिथे गेल्यावर 'काय करायलास' म्हणतो. येताना मात्र लोणारला थांबून समृद्धीने परत. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, हिंगोलीहून शंभरेक किलोमीटर. बेसॉल्ट दगडात उल्कापाताने पडलेला १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. ही भाच्याची अट होती. त्याला 'अंतराळातून दगड पडलेला' बघायचाय. वरच्या कडेवरूनच बघायचं, खाली उतरायचं नाही. गुडघे!

आणि शेवटचं, खर्च तिथेच करायचा. पुण्याहून डिक्कीभर चिवडा, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या भरून न्यायच्या, वाटेत फक्त टोल आणि पेट्रोलचे पैसे द्यायचे आणि परत येऊन 'किती स्वस्तात झालं' म्हणायचं, ही आपली मध्यमवर्गीय सवय. ती या वेळी घरी ठेवणार. परभणीत सुशीला खायचा, हिंगोलीत साध्या खाणावळीत भाकरी आणि येसराची आमटी, आणि हळकुंडं तिथूनच घ्यायची. भाव करत न बसता.

आता एक शंका माझ्या मनात होती. असं लिहिलं की लोक जायला लागतील. मग 'हिडन जेम' म्हणून रील निघतील, कयाधूच्या काठावर वेफर्सची पाकिटं दिसतील आणि शांतता संपेल. मग लिहावं की न लिहावं? गेल्या रविवारी काकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना हेच विचारलं. मला वाटलं होतं की ते म्हणतील, नको रे बाबा ती गर्दी. काका हसले. म्हणाले, "येऊ द्या की लोकायला. शांतता काय भाकरीसोबत खायाची का आम्ही?"

झालं. मी केवढा नैतिक पेच म्हणून घेऊन बसलो होतो, त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. गर्दी नको हे आपल्याला वाटतं, कारण आपण गर्दीतून जातो आणि गर्दीत परत येतो. ज्याच्या पोराला गावात काम नाही त्याला चार गाड्या येऊन थांबल्या तर हवंच आहे. कचरा करू नका, दांडगाई करू नका, लोकांच्या घरात न विचारता कॅमेरे घुसवू नका, एवढं पाळलं तर पुरे. जागा 'लपवून' ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती आपली नव्हेच.

नामदेव आणि विसोबा खेचरांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. गोरोबाकाकांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेव हे कच्चं मडकं निघालं. मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले. बघतात तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव रागावले. म्हातारा म्हणाला, मला काही उठवत नाही बाबा, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथे पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड. लहानपणी ही गोष्ट आजीने मला सांगितली होती आणि ती जिथे घडली म्हणतात ते देऊळ आपल्या गावापासून तासा-दीड तासावर आहे हेही. ते मात्र मी विसरून गेलो होतो. 'तिकडे काय आहे' या प्रश्नाला तिकडच्याच माणसाने सातशे वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर आहे हे. काही नसलेली जागा आधी दाखव तर खरं!

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमध्ये माझ्यासारखे हजारो आहेत. कुणाचं लातूर, कुणाचं बुलढाणा, कुणाचं नंदुरबार, कुणाचं आटपाडी. प्रत्येकाच्या घरात एक असं गाव आहे जिथून एक पिढी निघून आली आणि जिथे जायचं म्हटलं की "तिकडे काय आहे" असं ऐकू येतं. युरोपचा व्हिसा काढायला आपण तीन महिने घालवतो. (घालवू नयेत असं नाही, मीही घालवणार आहे, पैसे साठले की.) पण युरोप तिथेच राहणार आहे. बाबा एकसष्टचे आहेत, काका छप्पनचे. काकांची दोन्ही मुलं संभाजीनगरला नोकरीला. आणखी दहा वर्षांनी त्या घराचं दार आतून उघडणारं कुणी असेल का, मला माहीत नाही. बाबांसोबत ते घर बघायचं असेल तर त्याची डेडलाईन माझ्या हातात नाही, आणि ती पुढे ढकलायला कुठला क्लायंटही नाही.

तर शीटचं सध्याचं रूप असं : पहिला दिवस प्रवास आणि हिंगोलीत मुक्काम. दुसरा दिवस औंढा. तिसरा दिवस सकाळी नर्सी, आणि मग गाव. तेवढ्या एका दिवशी नियम मोडलाय, पण गावाला जाणं हे मी 'ठिकाण' धरत नाही. रात्री काकांकडेच. काकांनी हुरडा ठेवलाय, आगटी पेटवणार म्हणाले, भाचा आत्तापासून उड्या मारतोय. चौथा दिवस गावातच. त्या दिवसासमोर मी काहीच लिहिलं नव्हतं. मुद्दाम. रिकामी ओळ. मला ती रिकामी ठेवायलाही कष्ट पडले, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी लोणार आणि घर.

काल रात्री मी शीट डायनिंग टेबलवर उघडी ठेवून झोपलो. सकाळी उठून बघतो तर चौथ्या दिवसाच्या ओळीत काहीतरी टाईप केलेलं. बाबांना मराठी टायपिंग नीट जमत नाही, एका बोटाने करतात. लिहिलं होतं : 'विहीर. मग शाळा. संध्याकाळी ५ ला हिंगोली स्टेशन, चहा.'

मी विचारलं, "बाबा, स्टेशनवर काय आहे?"

"काही नाही," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

चला, गाडी सर्व्हिसिंगला टाकायचीये. स्टेपनीत हवाही बघायला हवी. परत आल्यावर लिहीनच.